पिवळ्या वर्तुळाचा हिशेब

सावित्रीच्या खाडीवरचं दासगाव हे एके काळचं आगबोटींचं बंदर. 1927 च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. आंबेडकर मुंबईहून बोटीने निघाले ते इथेच उतरले. धक्क्याला बोट जरा घासली म्हणून कुणाचं बिघडत नसे. आता ही खाडी ज्या समुद्राला मिळते त्याच समुद्रात, मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, मुंबई हायचे तेल प्लॅटफॉर्म उभे आहेत. जुहूहून उडालेलं हेलिकॉप्टर तिथल्या हेलिडेकवर उतरतं, तेव्हा घासायला मुभा नसते. शेजारी क्रेन, मनोरा, गॅस जाळणारी ज्योत, खाली पाणी.

वैमानिकाची खरी अडचण पाठीमागे असते. शेपटीचा पंखा त्याला दिसत नाही. म्हणून मोजमाप आधीच करून डेकवर रंगवून ठेवलेलं असतं. हेलिकॉप्टरची पंखे फिरत असतानाची सर्वांत मोठी लांबी म्हणजे ‘डी’. डेक ज्या सर्वांत मोठ्या हेलिकॉप्टरसाठी बांधला, त्याचा ‘डी’ हा डेकचा ‘डी’; डेकवरच्या पिवळ्या वर्तुळाचा आतला व्यास त्याच्या निम्मा, पट्टा एक मीटर रुंद. वैमानिकाने एवढंच पाहायचं, की आपली खुर्ची पिवळ्या पट्ट्यावर आली. मग चाकं भक्कम भागात असतात आणि शेपटी अडथळ्यांपासून सुरक्षित अंतरावर. मला यातली हुशारी फार आवडते: न दिसणाऱ्या टोकाची काळजी दिसणाऱ्या रेघेवर सोपवलेली.

मधला पांढरा ‘एच’ चार मीटर उंच. त्याची आडवी दांडी मोकळी बाजू कुठे ते सांगते. डेकच्या कडेच्या काळ्या बाणाच्या टोकापासून 210 अंशांत डेकपेक्षा उंच अडथळा नको, असा नियम आहे. क्रेन वगैरे उरलेल्या 150 अंशांत, तेही ठरलेल्या उंचीपर्यंतच. कडेला ‘डी’चा आकडा असतो. 14 लिहिलेल्या डेकवर पावणेचौदा मीटरचं डॉफिन उतरतं, 16 मीटरचं सिकोर्स्की एस-76 नाही. वजनाची मर्यादाही टनांत लिहिलेली असते. आणि लाल चौकोनावर पिवळी फुली दिसली, तर उतरायचंच नाही.

रंगाची मदत अर्थात शेवटच्या टप्प्यातली. 28 जून 2022 ला पवनहंस कंपनीचं एस-76डी हेलिकॉप्टर ‘सागर किरण’ रिगजवळ डेकवर पोहोचण्याआधीच समुद्रात पडलं. नऊपैकी चौघे गेले. पाच जण वाचले, ते रिगची बचावनौका आणि जवळचं एक जहाज वेळेवर पोहोचल्यामुळे.