तळहाताची ढाल

बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि कोणताही किनारा तेथून जवळ नाही. तरीही या शहरात शिडे उभारणारी माणसे आढळतात. हलसूर तलावाच्या काठी भारतीय लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे आणि त्या तलावावर शिडाच्या लहान होड्या चालविण्याचा सराव केला जातो. शीड आले म्हणजे त्याचे फाटणे आले, आणि फाटणे आले म्हणजे शिवणेही आले. साधा सदरा शिवणाऱ्या हाताला जे काम सहज जमते, तेच काम शिडाच्या जाड, घट्ट विणीच्या कापडावर करू गेल्यास बोटांची साल निघते. हा हात वाचविण्यासाठी खलाशांनी एक लहानसे साधन शोधून काढले. तळहातावर चढवावयाचा चामड्याचा पट्टा आणि त्यात अंगठ्याच्या मुळाशी बसविलेली धातूची चकती, एवढेच त्याचे स्वरूप आहे. इंग्रजी नाविक त्यास नुसते ‘पाम’, म्हणजे तळहात, असे म्हणतात. येथे त्यास तळहातपट्टा म्हणू.

जाड कापडाची अडचण

सुई कापडात शिरते तेव्हा ती विणीतील धागे बाजूस सारून वाट काढते. धागे जितके जाड व घट्ट, तितका त्यांचा विरोध अधिक. शिडाच्या कडेला कापडाचे दोन-तीन पदर दुमडलेले असतात, आणि कोपऱ्यात, जेथे दोराची कडी बसवावयाची असते, तेथे पाच-सहा पदरही एकावर एक येतात. अशा जागी सुई शिरविण्यास काही किलोग्रॅम जोर लागतो, आणि हा जोर प्रत्येक टाक्याला पुन्हा लावावा लागतो. पाच मीटर लांबीची शिवण घेतली आणि दर सेंटिमीटरला एक टाका घातला, तर पाचशे टाके होतात. पाचशे वेळा सुईचे बोथट टोक बोटावर दाबले गेल्यास त्या बोटाची काय अवस्था होईल, हे सांगावयास नको.

या अडचणीवर निरनिराळ्या कारागिरांनी निरनिराळे उपाय योजले आहेत. शिंपी मधल्या बोटावर अंगुस्तान घालतो. सुती व रेशमी कापडास ते पुरते. चर्मकार दुसरी युक्ती करतो. तो आधी आरीने चामड्यास भोक पाडतो आणि मग त्या भोकातून वादी ओवतो, म्हणजे सुईवर जोर देण्याचे कारणच उरत नाही. कोल्हापुरी चप्पल याच रीतीने, खिळा न वापरता, चामड्याच्या वादीने शिवली जाते. महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्ह्यांत चालणाऱ्या या कारागिरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. धान्याची पोती शिवणारा हमाल दाभण व सुतळी वापरतो. गोणपाटाची वीण विरळ असल्याने दाभण उघड्या हातानेही आत जाते. शीडकापडाची गोष्ट या तिन्हींहून वेगळी आहे. त्याची वीण इतकी घट्ट की अंगुस्तान अपुरे पडते, आणि आधी भोक पाडत बसावे तर टाके इतके की वेळ पुरत नाही. शिवाय आरीने पाडलेल्या मोठ्या भोकातून धागे तुटतात व कापड दुबळे होते. म्हणून शीड शिवणाऱ्याने बोटाऐवजी सारा तळहात कामास लावला.

साधनाची रचना

तळहातपट्टा जाड चामड्याचा किंवा कच्च्या कातड्याचा असतो. त्यास अंगठ्यासाठी एक भोक असते, आणि पट्टा हाताभोवती फिरून मागील बाजूस बक्कलाने किंवा वादीने घट्ट होतो. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे, त्यावर लोखंडाची किंवा पोलादाची चकती येते. या चकतीवर लहान लहान खळगे असतात. सुईचा नेढ्याकडील भाग यांपैकी एका खळग्यात टेकवितात, सुई अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरतात आणि तळहाताने पुढे रेटतात.

खळगे शोभेसाठी नसतात. सुई कापडात नेहमीच काटकोनात शिरते असे नाही. ती तिरपी झाली की हाताच्या जोराचे दोन भाग पडतात: एक सुईच्या दिशेने पुढे जाणारा व दुसरा तिला चकतीवरून बाजूस घसरविणारा. चकती गुळगुळीत असती, तर हा दुसरा भाग सुईला सरळ मनगटाकडे घेऊन गेला असता. खळग्याचा काठ सुईला अडवून धरतो आणि सर्व जोर शिवणीकडे वळवितो.

या साधनाचे दोन मुख्य प्रकार आहेत. कापडाच्या पट्ट्या एकमेकींस जोडण्यासाठी जो वापरतात, त्याचे खळगे बारीक असतात. शिडाच्या कडेला दोर शिवण्यासाठी जो वापरतात, त्याचे खळगे मोठे असतात आणि अंगठ्याभोवती चामड्याचे जादा वेष्टन असते. कारण तेथे टाका ताठ ओढताना दोरा अंगठ्याभोवती गुंडाळून झटका द्यावा लागतो. डावखुऱ्या माणसासाठी पट्टा उलट बाजूने बनवावा लागतो. उजव्या हाताचा पट्टा त्याच्या काहीच उपयोगाचा नसतो.

दाबाचे गणित

या साधनाचे सर्व रहस्य दाबाच्या नियमात आहे. जोर तोच असला तरी तो जितक्या लहान जागेवर पडेल तितका दाब वाढतो, आणि जितक्या मोठ्या जागेवर पसरेल तितका कमी होतो.

सुईवर ५ किलोग्रॅमचा जोर लावला आहे आणि तिच्या नेढ्याकडील टोकाचा सुमारे १ चौरस मिलिमीटर भाग हातावर टेकतो, असे समजू. एका चौरस सेंटिमीटरात १०० चौरस मिलिमीटर असतात. म्हणजे त्या बिंदूवरील दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५०० किलोग्रॅम इतका झाला. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोग्रॅम असतो, हे लक्षात घेतले म्हणजे कातडी का फाटते ते समजते. आता मध्ये चकती व चामडे आले, आणि तोच जोर तळहाताच्या २५ चौरस सेंटिमीटर भागावर पसरला असे धरू. दाब उरला प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ०.२ किलोग्रॅम. पहिल्या दाबाचा हा अडीच हजारावा हिस्सा होय.

सुईचे दुसरे टोक मात्र नेमके उलट कार्य करते. ते इतके अणकुचीदार असते की तोच ५ किलोग्रॅम जोर तेथे अत्यंत लहान जागेवर एकवटतो. शीड शिवण्याच्या सुईचे टोकाकडील अंग तीनधारी असते, त्यामुळे घट्ट विणीतही तिला वाट मिळते. नेढ्याकडील अंग गोल असते. एकच जोर, एकच सुई. एका टोकाला दाब वाढविला आहे आणि दुसऱ्या टोकाला तो घटविला आहे.

हाडांचा आधार

दुसरा लाभ शरीररचनेचा आहे. बोटाच्या टोकाने सुई ढकलताना बोट हे लांब तरफेसारखे वागते. टोकावर पडलेला भार बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्याला वाकवू पाहतो, आणि त्याला सावरण्यासाठी लहान स्नायूंना सतत आवळून राहावे लागते. ते लवकर थकतात. अंगठ्याच्या मुळाशी लावलेला जोर मनगटाच्या हाडांवरून थेट पुढच्या बाहूच्या हाडांत जातो. तेथे तरफ आखूड आहे आणि जोर देणारे स्नायू कोपर व खांदा यांचे, म्हणजे मोठे आहेत. चाकाची गाडी हातगाडीवाला बोटांनी ढकलीत नाही, तळहाताने ढकलतो, त्याचे कारण हेच आहे.

परंतु पट्टा योग्य मापाचा असणे आवश्यक आहे. मनगटाच्या मध्यभागातून एक महत्त्वाचा मज्जातंतू तळहातात उतरतो. अंगठा व पहिल्या बोटांची संवेदना त्याच्यावर अवलंबून असते. चकती सरकून मनगटाच्या मध्यावर आली आणि तेथे वारंवार दाब पडत राहिला, तर त्या मज्जातंतूला इजा होऊन बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा येणे असे त्रास उद्भवू शकतात. म्हणून चकती मांसल उंचवट्यावरच बसली पाहिजे, आणि नवे कोरे चामडे हाताच्या आकारास येईपर्यंत काम थोडे थोडे केले पाहिजे.

दोरा, मेण आणि टाका

दोऱ्याला मधमाशीच्या मेणाचा हात देण्याची रीत जुनी आहे. मेणामुळे दोऱ्याचे पीळ सुटत नाहीत, पाणी आत मुरत नाही, आणि ओढलेला टाका चिकटून आपल्या जागी राहतो. कापडी शिडांच्या काळात हा गुण मोठा मोलाचा होता, कारण सुती व अंबाडीसारखे दोरे ओलाव्याने कुजत. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा तंतू तयार केला, आणि पुढील काळात शिडे व त्यांचे दोरे बव्हंशी त्याचेच होऊ लागले. तो कुजत नाही. मात्र त्याची वीण फारच घट्ट असते, त्यामुळे तळहातपट्ट्याची गरज कमी झाली नाही.

फाटलेले शीड तत्काळ शिवावे लागते, यासही कारण आहे. वाऱ्याचा ताण कापडाच्या सर्व धाग्यांत वाटलेला असतो. काही धागे तुटले की त्यांचा भार फाटीच्या टोकाशी असलेल्या पुढच्या धाग्यावर येतो. तो तुटतो, मग त्याच्या पुढचा तुटतो, आणि वीतभर फाट पाहता पाहता हातभर होते. अशी फाट मासळीच्या काट्यासारख्या तिरप्या टाक्यांनी ओढून धरतात, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींवर न चढता समोरासमोर येतात.

यंत्र आले तरी

१८४६ साली अमेरिकेतील इलायस हाउ याने शिवणयंत्राचे एकस्व मिळविले. त्यानंतर शिडांच्या लांब सरळ शिवणी हळूहळू यंत्राकडे गेल्या. तथापि शिडाच्या कोपऱ्यातील कड्या, चामड्याची ठिगळे आणि कडेचा दोर यांपाशी यंत्राचा पाय पोहोचत नाही. आणि भर समुद्रात, डोलणाऱ्या नौकेवर, यंत्र चालविण्यास स्वस्थ जागाच नसते.

भारतीय नौदलाचे ‘तरंगिणी’ हे शिडांचे प्रशिक्षण-जहाज गोवा शिपयार्डने बांधले व ते १९९७ साली सेवेत दाखल झाले. त्यावर तीन डोलकाठ्या आहेत. लष्कराच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. शिडाच्या नौकेतून झालेली ती पहिली भारतीय प्रदक्षिणा होय. पुढे गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी नौका तयार झाली. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई सोडली आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. वाटेत त्यांनी केवळ चार बंदरांत मुक्काम केला. पुढच्याच फेरीत अभिलाष टॉमी हे त्याच नौकेतून नोव्हेंबर २०१२ मध्ये निघाले व कोठेही न थांबता मार्च २०१३ अखेर मुंबईस परतले.

एकट्याने चालणाऱ्या अशा प्रवासात शिडे दुरुस्त करणारा दुसरा कोणी नसतो. दोर ओढणारा, सुकाणू धरणारा आणि शीड शिवणारा हात एकच. त्या हातात सुई घुसली, जखम चिघळली, तर नौका चालविणार कोण? चामड्याच्या चार बोटे पट्ट्याचे मोल अशा वेळी कळते.

पंखावरचे कापड

वारा पेलणारे कापड केवळ शिडातच असते असे नाही. १९४० साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बेंगळुरूस विमानांचा कारखाना काढला. त्याआधी त्यांनी जहाजवाहतुकीच्या धंद्यात नाव मिळविले होते. याच कारखान्यात कोल्हापूरकडील डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली पुढे भारतीय बनावटीची विमाने घडली. त्यांपैकी ‘पुष्पक’ हे दोन आसनांचे विमान १९५८ साली प्रथम उडाले. त्याच्या पंखांवर कापड चढविलेले असे.

अशा हलक्या विमानाच्या पंखाचा प्रत्येक चौरस मीटर सुमारे ३५ ते ४० किलोग्रॅम भार पेलतो, आणि त्यातील मोठा वाटा पंखाच्या वरच्या बाजूवरील कमी दाबामुळे येतो. तो दाब कापडाला वर ओढून पंखाच्या फासळ्यांपासून सोडवू पाहतो. म्हणून कापडी पंख बांधताना लांब सुईने मेणाचा दोरा पंखाच्या एका अंगातून दुसऱ्या अंगापर्यंत नेऊन प्रत्येक फासळीशी कापड बांधण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्येक टाक्याला गाठ असते. एक टाका तुटला तरी पुढचे सुटत नाहीत. हे कापड पातळ असल्याने तेथे जोरापेक्षा नेमकेपणाला महत्त्व अधिक. परंतु शीड असो वा पंख, वाऱ्याचा भार अखेर हाताने घातलेल्या टाक्यावरच येतो.

एक साधा प्रयोग

शाळेत हा नियम पडताळून पाहता येईल. बोथट टोकाची पेन्सिल घ्यावी आणि तिचे टोक तळहातावर टेकवून हलकेच दाबावे. दाब कोठे बोचतो ते लक्षात ठेवावे. मग तळहात व पेन्सिल यांमध्ये एक रुपयाचे नाणे ठेवून तितकाच जोर द्यावा. शेवटी नाण्याखाली जाड चामड्याचा किंवा रबराचा तुकडा घालून तेच करावे. तिन्ही वेळी जोर सारखा असूनही बोचणे कमी कमी होत गेल्याचे आढळेल. नाणे म्हणजे चकती आणि चामडे म्हणजे पट्टा. अणकुचीदार वस्तू या प्रयोगात वापरू नये.

मोठी यंत्रे पाहून मनुष्य थक्क होतो, पण हातात बसणारी साधनेही निसर्गाच्या नियमांवरच उभी असतात. ज्या खलाशाने प्रथम चामड्याचा तुकडा तळहाताला बांधला, त्याला दाबाचे सूत्र ठाऊक नव्हते. दुखणाऱ्या हाताने त्याला ते शिकविले. आज ते सूत्र प्रत्येक विद्यार्थ्याच्या पुस्तकात आहे. गोदामात पोती शिवणारा, तंबूचे कापड जोडणारा किंवा जाड ताडपत्री सांधणारा कामगार पाहिला, तर त्याच्या हाताकडे एकदा लक्ष द्यावे आणि तो हात राखण्यास आणखी काय करता येईल, याचा विचार करावा.