जुने हाड कोणाचे, हे कसे ओळखतात?

आपल्या द्रोणागिरीच्या बाजूला हल्ली सारखे खणकाम चालू असते. कुठे घराचा पाया, कुठे रस्ता, कुठे पाण्याचा नळ. खणताना कधी जुने खापर लागते, तर कधी हाड लागते. हाड दिसले की माणसे बिचकतात. कुणी म्हणतो, परत पुरून टाका. कुणी म्हणतो, खाडीत सोडून द्या. पण थांबा! त्या हाडात एखाद्या माणसाची ओळख दडलेली असू शकते. ती कशी शोधून काढतात, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत.

चार अक्षरांची लिपी

आपले शरीर फार बारीक पेशींचे बनलेले आहे. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पेशीच्या आत एक लांब, नाजूक धागा असतो. त्याला डीएनए म्हणतात. हा धागा आपल्याला आईबापांकडून मिळतो. नाक कसे, डोळे कसे, केस कसे, हे बरेचसे त्यावर ठरते.

आपण बाराखडी शिकलो. पुष्कळ अक्षरे पाठ करावी लागली. डीएनएची लिपी मात्र चारच अक्षरांची आहे. तीच चार अक्षरे पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या क्रमाने येतात. एका माणसाच्या लिपीत अशी सुमारे 300 कोटी अक्षरे असतात!

पेशीत डीएनएचा आणखी एक छोटा तुकडा असतो. तो फक्त आईकडून येतो. आईला तो तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून मिळालेला असतो. म्हणजे ही आजी-पणजीची वाट झाली. एका पेशीत या तुकड्याच्या शेकडो नकला असतात. म्हणून जुन्या हाडात तो सापडण्याचा संभव जास्त.

ऊन आणि ओल हे वैरी

माणूस मेला की हा धागा तुटू लागतो. जुनी पोथी कसरीने खाल्ली की तिचे तुकडेच हाती लागतात, तसे होते. ऊन आणि ओल हे त्याचे मोठे वैरी. बर्फाच्या प्रदेशात हाडातला डीएनए हजारो वर्षे टिकतो. आपल्या उष्ण देशात तो लवकर नासतो.

हरियाणात राखीगढी येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे मोठे नगर होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांनी तिथे उत्खनन केले. तिथल्या सांगाड्यांचे 61 नमुने तपासले. त्यांपैकी फक्त एका बाईच्या नमुन्यातून पुरेसा डीएनए मिळाला. ते संशोधन 2019 साली प्रसिद्ध झाले. एकसष्टांत एक! एवढे हे काम चिकाटीचे आहे.

गोव्यात सापडलेली राणी

आता जवळची गोष्ट ऐका. काळ्या समुद्राच्या पलीकडे जॉर्जिया नावाचा देश आहे. तिथे केतेवान नावाची राणी होती. इराणचा बादशहा शाह अब्बास याने तिला शिराझ शहरात कैदेत ठेवले. आपला धर्म सोड, असा त्याचा हुकूम होता. राणी बधली नाही. 1624 साली तिला हाल हाल करून मारले.

त्या वेळी शिराझमध्ये ऑगस्टिनियन पंथाचे पाद्री होते. त्यांनी तिच्या अस्थी गुपचूप उचलल्या. त्यांतला काही भाग 1627 साली जुन्या गोव्यात आणला. तिथल्या सेंट ऑगस्टीन मठात, एका प्रार्थनागृहाच्या दुसऱ्या खिडकीपाशी, काळ्या दगडाच्या पेटीत तो ठेवला. ही हकिगत जुन्या कागदपत्रांत लिहिलेली होती.

पुढे 1835 साली मठ ओस पडला. 1842 साली चर्चचे छत कोसळले. 1931 साली उंच मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. सारे ढिगाऱ्याखाली गाडले गेले. जॉर्जियाचे लोक या राणीला संत मानतात. ती हाडे कुठे असतील, याचा शोध पुष्कळ वर्षे चालला. अखेर 2004 साली भारतीय पुरातत्त्व खात्याला त्या जागी एक लांब हाड मिळाले.

पण ते राणीचेच कशावरून? मठात इतरांनाही पुरलेले होते.

प्रयोगशाळेत काय केले

हाड हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संशोधन संस्थेत नेले. जुन्या हाडाचे काम फार सोवळ्याने करावे लागते. अंगभर झगा, हातमोजे, तोंडाला फडके. का? कारण आपली शिंक, घाम, केस यांतही डीएनए असतो. तो हाडात मिसळला, तर राणीच्या जागी शास्त्रज्ञाचीच ओळख निघायची!

आधी हाडाचा वरचा थर खरवडून टाकतात. मग आतली चिमूटभर भुकटी काढतात. औषधांनी त्यातला चुना विरघळवतात आणि डीएनए वेगळा करतात. तो अगदी थोडा असतो. म्हणून यंत्रात त्याच्या लाखो नकला करतात. मग अक्षरे वाचतात.

या हाडात आईकडून आलेला जो डीएनए मिळाला, तो यू-वन-बी या गटातला निघाला. भारतातल्या 22,000 हून जास्त माणसांच्या नोंदींशी तो ताडून पाहिला. एकाशीही जुळला नाही. मग जॉर्जियातल्या 30 जणांचा तपासला. त्यांतल्या दोघांशी तो गट जुळला.

म्हणजे तीन साक्षी झाल्या. कागद एक सांगतो, जागा तेच सांगते आणि हाडही तेच सांगते. तरीही शास्त्रज्ञांनी लिहिले, की हे हाड बहुधा राणीचे असावे. 'नक्की' असे लिहिले नाही. कारण त्या गटाची माणसे पुष्कळ असू शकतात. पुराव्याइतकेच बोलावे, हा शहाणपणा त्यात आहे. जुलै 2021 मध्ये भारत सरकारने या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला. चार शतकांनी राणी माहेरच्या मातीत गेली.

आपल्याला याचा उपयोग काय?

ही विद्या फक्त राणीसाठी नाही. पंजाबात अजनाळा गावी एका जुन्या विहिरीतून 2014 साली पुष्कळ सांगाडे निघाले. ते 1857 साली इंग्रजांनी मारलेल्या शिपायांचे असल्याचे म्हटले जात होते. 2022 साली दात तपासून कळले, की ही माणसे पंजाबातली नव्हती. ती गंगेच्या खोऱ्याकडची होती. इंग्रजांच्या कागदातली हकिगतही तशीच होती.

समजा, आज कुणाचा भाऊ बेपत्ता झाला. पुढे कुठे एक सांगाडा सापडला. तर आईचा किंवा सख्ख्या भावंडाचा डीएनए घेऊन ताडून पाहतात. वाट पाहून थकलेल्या आईला निदान खरे काय ते कळते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. डीएनएत नाव लिहिलेले नसते. जात लिहिलेली नसते. कोण थोर नि कोण हलका, हेही लिहिलेले नसते. कुणी तसे सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि खणताना हाड लागले तर? काम थांबवा. हाड धुऊ नका. उघड्या हातांनी उचलू नका. आजूबाजूची खापरे, दगड जागचे हलवू नका. जागा हीसुद्धा साक्षीदार आहे, हे आताच आपण पाहिले. लगेच पोलीस पाटील किंवा पोलीस ठाण्यात कळवा. हाड जुने की नवे, ते जाणकार ठरवतील. आपण साक्ष पुसली नाही, एवढे केले तरी पुष्कळ झाले.