दिव्याखालची भाजी

सुरत शहरातील बमरोली आणि तिच्या शेजारचे पांडेसरा व उधना या भागांत खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. यंत्रमागांच्या शेडमध्ये तेथे रात्रीचा दिवस होतो. गावाकडची शेती सुटली, पण मातीची ओढ सुटत नाही. अशा एखाद्या घरात विचार येणे स्वाभाविक आहे की, ज्या उजेडात रात्रभर कापड विणले जाते, त्याच उजेडात मेथी-पालक का पिकू नये? एक रिकामी खोली, चार फळ्या आणि दिवे एवढ्यावर धंदा उभा राहील काय? साठवलेली पुंजी त्यात घालण्यापूर्वी या प्रश्नाचा हिशेब मांडून पाहू.

श्रोतेहो, उजेडाच्या बाबतीत आपला डोळा आपल्याला फसवतो. प्रकाश लक्स या मापाने मोजतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तो दोनतीनशेच भरतो. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपल्याला दोन्ही ठिकाणी नीट दिसते. पानाला अशी सोय नाही. प्रकाश हेच त्याचे अन्न शिजवण्याचे इंधन. साध्या पालेभाजीलाही दिवसाचे चौदा-सोळा तास दहा-पंधरा हजार लक्स तरी हवेत.

जुना तारेचा बल्ब शंभर भाग वीज घेऊन जेमतेम पाच भाग प्रकाश देई, बाकीची उष्णता. शेतीसाठीचे चांगले एलईडी दिवे निम्म्याहून अधिक विजेचा प्रकाश करतात. शिवाय हरितद्रव्य ज्यांचा विशेष उपयोग करते, ते तांबडे व निळे किरण त्यांत हवे तसे साधता येतात. निळा एलईडी साधणे फार अवघड होते. त्यासाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही हिशेब चुकत नाही. एक चौरस मीटर वाफ्याला अशा दिव्यांची सुमारे ८० वॅट वीज लागते. रोज सोळा तास दिवे लावले, तर महिन्याला ३८ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले, तर खर्च ३०० रुपयांवर जातो. तेवढ्या जागेत दोन-तीन किलो भाजी आली, असे मानू; म्हणजे किलोमागे नुसत्या उजेडाचेच शंभर-दीडशे रुपये झाले. हा भाव मंडईतली मेथी देईल काय?

मग हॉलंडमधील काचगृहांत दिवे का लावतात? तेथे डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो आणि सूर्य क्षितिजालगत फिरतो. सुरतेचा सर्वांत लहान दिवसदेखील जवळजवळ अकरा तासांचा असतो. आपल्या हरितगृहांत तर उन्हाळ्यात ऊन अडवण्यासाठी सावलीची जाळी पसरावी लागते. हॉलंडचा उपाय आपल्या रोगावर नाही.

दिव्याला आपल्याकडे जागा आहे, ती रोपवाटिकेत. आषाढ-श्रावणात आभाळ दिवसेंदिवस झाकलेले राहते, तेव्हा टोमॅटो-मिरचीची रोपे उजेडासाठी ताणून लेची पडतात. ट्रेमध्ये एका चौरस मीटरवर पाचशे रोपे मावतात. तेवढ्यावर रोज चार तास जादा प्रकाश दिला, तर पंचवीस दिवसांत ८ युनिट वीज, म्हणजे रोपामागे पंधरा पैशांच्या आत खर्च येतो. हे परवडण्यासारखे आहे.

दिवा घेताना केवळ वॅट विचारू नये. एका ज्यूल विजेत तो पानाला उपयोगी असे किती मायक्रोमोल किरण देतो, हे विचारावे. अडीच किंवा अधिक असेल, तर दिवा चांगला. विक्रेत्याला हा आकडा सांगता येत नसेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

बमरोलीच्या त्या घराला म्हणूनच एवढे सांगावेसे वाटते : भाजी गच्चीवर, उन्हात लावा, आणि दिवा हवाच असेल, तर तो रोपांच्या ट्रेवर टांगा. सूर्य जे फुकट देतो, ते विकत घेण्यात शहाणपण नाही; तो जेथे कमी पडतो, तेवढीच भर दिव्याने घालावी.