शेंद्र्याची आरएस आणि नव्वदची थरथर

स्कोडाची ऑक्टाव्हिया म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्याची लेक. आपल्याकडची जुनी आरएस ही तिचीच १.८ टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्तीची बहीण होती. माझ्या जुन्या आरएसचं स्टिअरिंग जालना रोडला ताशी ९० वर थरथरायचं, ११० ला शांत.

मित्र म्हणाला, "डिस्क गेल्या रे." पण डिस्कचा दोष ब्रेक दाबल्यावर जाणवतो. रेस दिल्यावरच हादरे आले तर आतला सीव्ही जॉइंट बघा, सिग्नलला उभ्या गाडीत आले तर इंजिन माउंटिंग. ठरावीक वेगालाच आले, की आधी चाकं.

दोनदा बॅलन्सिंग केलं, फरक शून्य! मग पुढची चाकं मागे टाकली. थरथर स्टिअरिंगमधून सीटखाली गेली. चोर सापडला. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक मोठं, हब मात्र ५७.१ मिमीचा, त्यामुळे चाक केसभर एका बाजूला बसायचं. बॅलन्सिंग मशीनवर ते कोनाने मधोमध धरलं जातं, म्हणून तिथे सगळं आलबेल.

मापाच्या हब रिंगा टाकल्या, हबचा गंज घासला, चाक अधांतरी ठेवून बोल्ट समोरासमोर आवळले, शेवटी टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. लोअर आर्मचे बुश चिरलेले दिसले, ते पुढच्या पगाराला.