अश्रू कोणाचे, कोणासाठी?

२०१७ च्या ऑक्टोबरात, दिवाळी अगदी तोंडावर आली असता, सुरत शहरातील राहुल राज मॉलमध्ये एका कलावंताने चितोडच्या राणी पद्मिनीची भव्य रांगोळी काढली. येऊ घातलेल्या ‘पद्मावती’ या हिंदी चित्रपटातील चित्र त्याने समोर ठेवले होते. अठ्ठेचाळीस तास तो माणूस जमिनीवर वाकून रंग भरीत होता. मग घोषणा देत एक जमाव आला आणि दोन दिवसांचे ते कष्ट त्याने काही क्षणांत विसकटून टाकले. पुढे पोलिसांनी पाच जणांना अटक केली. चित्रपट प्रदर्शित व्हायचा होता डिसेंबरच्या पहिल्या तारखेस. म्हणजे ज्यातील अपमानाने ही मंडळी पेटून उठली, तो चित्रपट त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला असणे शक्यच नव्हते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये आपल्या पन्हाळ्याजवळ, मसाई पठारावर, याच चित्रपटाचा सेट जाळला गेला होता.

या जमावास केवळ गुंड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु तसे केल्याने प्रश्न सुटत नाही. त्या माणसांच्या मनात कळवळा होता, आणि तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. अल्लाउद्दीन खिलजीने चितोडास वेढा घातला तो १३०३ साली. पद्मिनीची कथा आपल्याला ठाऊक आहे ती मलिक मुहम्मद जायसीच्या १५४० मधील काव्यापासून. दोहोंच्या मध्ये सव्वादोनशेहून अधिक वर्षे आहेत. तरीही राणीविषयीचा आदर लोकमानसात खोल रुजलेला आहे, आणि श्रद्धा सनावळी पाहून बसत नाही हे आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच की, एका रांगोळीने राणीच्या कीर्तीस कोणता डाग लागणार होता? आणि ज्याची कंबर दोन दिवस वाकली होती, त्या समोरच्या जिवंत माणसाविषयी त्या कळवळ्यात एवढीशीही जागा का नसावी?

याचे उत्तर शोधावयाचे तर भावना कशा जागवल्या जातात, याकडे पाहिले पाहिजे. या चित्रपटाची पहिली जाहिरात-चित्रफीत ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दुपारी एक वाजून तीन मिनिटांनी प्रसिद्ध करण्यात आली. तीच वेळ का? घड्याळात १३:०३ दिसावे, चितोडच्या वेढ्याचे साल आठवावे आणि पाहणाऱ्याने ते आपणहून दुसऱ्यास सांगावे म्हणून. योगायोग असा की, नेमक्या त्याच दिवशी रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञास नोबेल पारितोषिक जाहीर झाले. माणसावर सक्ती न करता, निवडीची मांडणी थोडी बदलून त्यास हव्या त्या दिशेस हळूच कसे लोटता येते, हे त्यांनी आणि कॅस सन्स्टीन यांनी २००८ मधील आपल्या पुस्तकात मांडले होते. शाळेच्या उपाहारगृहात फळे डोळ्यांच्या उंचीवर ठेवली की मुले ती अधिक उचलतात. तळलेले पदार्थ बंद करावे लागत नाहीत. हेतू चांगला असेल तर हे हलके लोटणे कल्याणाचे साधन ठरते. परंतु दुकानदारास कल्याणाशी कर्तव्य असतेच असे नाही.

आजचा चित्रपट-व्यवसाय या विद्येत पारंगत झाला आहे. तिकिटाच्या संकेतस्थळावर खेळाची वेळ रंग बदलते आणि आसने झपाट्याने भरत असल्याचे सांगते. गेल्या चोवीस तासांत किती हजारांनी तिकिटे काढली याचा आकडा झळकतो. एका तिकिटावर दुसरे फुकट मिळते. पहिल्या तीन दिवसांची कमाई क्रिकेटच्या धावसंख्येसारखी रोज जाहीर होते. हे सारे कानात एकच सांगत असते : सगळे निघाले, तूच मागे राहिलास. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्या नियमबाह्य ठरवल्या. त्यांत खोटी घाई निर्माण करणे आहे, आणि न विचारता बिलात भर टाकणेही आहे. तिकिटाच्या बेरजेत दानधर्माचा एक रुपया आधीच धरून ठेवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी अनुभवली असेल. रुपयाचे काही मोल नाही; परंतु माणसाची दयासुद्धा त्यास न विचारता हिशेबात धरता येते, हे या व्यवसायास किती पूर्वीच उमगले होते, ते यावरून ध्यानी येते.

या जाहिरातींतील सर्वांत प्रभावी साधन मात्र आता आकडा नव्हे, अश्रू हे झाले आहे. खेळ सुटताना हुंदके देणाऱ्या प्रेक्षकांच्या चित्रफिती घरोघर पोहोचतात. कोणी रडला हे पाहून दुसरा रडण्याची तयारी करूनच जातो, आणि ज्यास रडू येत नाही त्यास आपल्यातच काही उणे असल्याची शंका येऊ लागते.

रडणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. ‘एकच प्याला’तील बालगंधर्वांच्या सिंधूसाठी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी डोळे पुसले. आपल्या साहित्यशास्त्राने तर या अश्रूंचा फार सूक्ष्म विचार केला आहे. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली : रंगभूमीवरील शोक हा माझा नसतो, शत्रूचा नसतो, शेजाऱ्याचाही नसतो, तो सर्वांचा होतो, आणि म्हणूनच शोक असूनही करुणरस होऊन आस्वाद्य ठरतो. जाहिरातीचे काम नेमके याच्या उलट चालते. जो शोक सर्वांचा व्हावयाचा, तो ती तुझा, तुझ्या जातीचा, तुझ्या धर्माचा म्हणून हाती देते. रस व्हावयाचा त्याचा रोष होतो. आणि रोषास समोर कोणीतरी लागते. सुरतेत ती रांगोळी सापडली.

हे दुसऱ्यांचे झाले, असे समजून आपण निश्चिंत राहू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ प्रदर्शित झाला. संभाजी महाराजांच्या छळाचे दृश्य चालू असता सुरतेच्या शेजारच्या भडोचात एका मद्यधुंद प्रेक्षकाने चित्रपटगृहाचा पडदाच फाडला. ते हसण्यावारी नेता आले असते. परंतु मार्चमध्ये नागपुरात दंगल होऊन एका माणसाचा प्राण गेला, आणि या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांतील राग पुन्हा उफाळून आल्याचे राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच विधिमंडळात सांगितले. महाराज पकडले गेले ते १६८९ साली आपल्या कोकणात, संगमेश्वरी. त्यांच्यासाठी डोळे भरून येणे हा आपला अधिकार आहे. परंतु संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणाऱ्या त्या विद्वान राजाचे चरित्र उघडून वाचण्याची ओढ त्या अश्रूंतून किती जणांस लागली? कसबा संगमेश्वरास जाऊन तेथील जुन्या वास्तूंची आज काय अवस्था आहे, हे किती जणांनी पाहिले? जे अश्रू वाचनाकडे नेत नाहीत, जतनाकडे नेत नाहीत आणि केवळ एका शेजाऱ्याकडे बोट दाखवतात, ते महाराजांसाठी आहेत असे कसे म्हणावे?

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मधील आपल्या ग्रंथात एका रशियन बाईचे उदाहरण दिले आहे. ती नाट्यगृहात काल्पनिक पात्रांच्या दुःखाने रडत असते आणि बाहेर कडाक्याच्या थंडीत तिचा गाडीवान गाडीच्या बैठकीवर गोठून मरत असतो. जेम्स यांचा रोख नाटकावर नव्हता. भावना उत्पन्न होऊन तिचे कृतीत रूपांतर न होणे ही सवय जडते आणि माणसास दुबळे करते, हे त्यांचे सांगणे होते. नंतर आजीच्या चौकशीस जाण्याइतके साधे का होईना, पण काहीतरी करावे, असे त्यांनी सुचवले.

त्या गाडीवानाची आठवण आम्हांस पुन्हा सुरतेस घेऊन जाते. ‘पद्मावत’ असे नाव बदलून हा चित्रपट सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा शेवट राणीच्या जोहाराने, म्हणजे आगीनेच होतो. सव्वा वर्षानंतर, २४ मे २०१९ रोजी, सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला इमारतीस आग लागली. सर्वांत वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालत होते. बाहेर पडण्यास धड वाट नव्हती. अग्निशमन दलाची शिडी वरपर्यंत पोहोचली नाही. मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. बावीस विद्यार्थी दगावले. मुलांना वाचवण्यासाठी जिवावर उदार होऊन धावलेले तरुण त्या गर्दीत होते, त्यांस आमचे वंदन असो. परंतु हात वर करून मोबाईलवर ते दृश्य टिपीत उभे असलेलेही पुष्कळ होते, हे साऱ्या देशाने पाहिले. काल्पनिक आगीच्या अभिमानासाठी ज्या शहरात जमाव निघाला, त्या शहरात या इमारतीस बाहेर पडावयाचा दुसरा जिना आहे का, हे विचारण्यासाठी आधी कोणी मोर्चा काढला नव्हता. कोणत्याही शहरात तो निघत नाही, आपल्याही नाही.

म्हणून सुरतेस नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. रत्नागिरीत, मालवणात, मडगावात शिकवणीचे वर्ग कोणत्या माडीवर भरतात, तेथील जिना किती रुंद आहे, आग विझवण्याची नळकांडी शेवटची केव्हा तपासली, हे आपल्यापैकी किती पालकांनी विचारले आहे? या प्रश्नांस पार्श्वसंगीत नसते. त्यांची चित्रफीत कोणी दुपारी एक वाजून तीन मिनिटांनी प्रसिद्ध करणार नाही. परंतु कळवळ्याचे खरे काम तेथेच आहे.

वाचकांनी चित्रपट पाहू नयेत, असे सांगण्याइतके आम्ही अरसिक नाही. अवश्य पाहावेत, रडू आले तर मोकळेपणाने रडावे. मात्र तिकीट काढण्याची घाई कोण करवीत आहे, हे एकदा पाहावे. आणि डोळे पुसून बाहेर आल्यावर, आपला गाडीवान कोठे उभा आहे, हे आधी पाहावे.