तळ्याचा काठ

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळी शेतकऱ्यांनी बांधलेले इथले जुने तलाव मुख्यतः धानाच्या सिंचनासाठी होते. वस्ती वाढली तसे काही तलाव घरांच्या मध्ये आले. भंडारा शहरातही खांब तलाव आहेच. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अशा काठावर आपल्याला बरे का वाटते?

‘मोकळी हवा’ हे उत्तर अपुरे आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्च होते. माठात घडते तेच तळ्यावर आणि झाडांच्या पानांतून घडते. शिवाय मनाचा भाग आहे. 1984 साली रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी गेले. समोर विटांची भिंत असणारे मागे राहिले. 2007 साली इंग्लंडमधील शेफील्डच्या उद्यानांत आढळले की, वनस्पतींच्या जाती जितक्या अधिक, तितका येणाऱ्यांना मानसिक लाभ अधिक. म्हणजे नुसती हिरवळ पुरत नाही.

म्हणूनच ‘सुशोभीकरण’ म्हणून तळ्याला चहूबाजूंनी सिमेंटची भिंत घातली, की आम्हांला काळजी वाटते. तळ्याचा जीव काठाच्या उथळ पाण्यात असतो. चतुराचेच पाहा. त्याची पिल्ले पाण्यात राहतात, डासांच्या अळ्या खातात आणि वाढ पुरी झाली की लव्हाळ्याच्या काडीवर चढून कात टाकतात. काही जाती तर अंडीही वनस्पतीच्या देठातच घालतात. काठ गेला की चतुर कमी होतात. डास मात्र गटारातही वाढतात!

बिघडलेला काठ सुधारता येतो. भंडारा-गोंदियातील काही तलावांत ढिवर समाजाने पुढाकार घेऊन बेशरम मुळासकट उपटली, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. त्यांच्या आसऱ्याने गावठी मासे परतले.

पावसाळा सरल्यावर वर्गाला सकाळी जवळच्या तळ्यावर किंवा बोडीवर न्यावे. दहा पावले गवताळ काठ आणि दहा पावले बांधीव काठ घेऊन चतुराच्या रिकाम्या काती मोजाव्यात. मुलांना त्या आधी वाळलेले किडेच वाटतील. पाठीवरची फट दाखवावी.