गोधडीच्या साड्या ठेवायच्या कुठं?

गोधडी शिवणाऱ्या बाईच्या घरात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक जुन्या साड्या आणि दुसरा, ‘हे बोचकं अजून इथंच?’ हा प्रश्न. मला हा नाद आहे हे कळल्यापासून ओळखीच्या बायका साड्या आणून देतात. बोहारणीला द्यायला मन होत नाही, टाकवत तर नाहीच. दोन खोल्यांच्या घरात हा पसारा कसा मावतो, ते सांगते.

आधी हिशेब. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. साडेचार फूट रुंद, सहा फूट लांब अशा गोधडीचे दोन थर एका साडीतून जोड देऊन निघतात. सहा थरांना तीन साड्या झाल्या. हातानं धावदोरा घालायला मला एका गोधडीमागे दोन महिने लागतात. म्हणजे वर्षाच्या सहा गोधड्या आणि अठरा साड्या! त्यापेक्षा जास्त आलेल्या साड्या मी दुसऱ्या शिवणारणीला देते. साठा किती असावा, हे कपाटानं नव्हे, आपल्या हातानं ठरवावं.

आता लपवायच्या जागा. प्रवासाच्या बॅगा वर्षभर रिकाम्याच असतात. दिवाणाच्या पोटात जागा असते. धुतलेल्या साड्यांच्या सारख्या घड्या गादीखाली पसरल्या तर कुणाला पत्ताही लागत नाही. चिंध्या आणि काठ मी लोडाच्या खोळीत भरते. पाहुणे त्यालाच टेकून बसतात आणि ‘घर किती आवरलेलं आहे’ म्हणतात!

पण माणसांपासून लपवलेलं कापड कसरीपासून लपत नाही. कसरीला खळ आवडते. म्हणून साडी ठेवण्यापूर्वी खळ पूर्ण धुऊन काढावी, इस्त्रीही करू नये. घामाचे, तेलाचे डाग राहिले तर तिथंच कापड पिवळं पडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. त्यापेक्षा जुन्या सुती चादरीत बांधावं. लोखंडी ट्रंकेत तळाला आणि बाजूंनी जाड कापड घालावं, नाहीतर गंजाचे डाग पडतात आणि ते सहजी जात नाहीत. न्हाणीघराच्या भिंतीला लागून काही ठेवू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळं बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर पसरावं. कडक उन्हात रंग उडतात. परत ठेवताना घडी बदलावी, कारण एकाच घडीवर कापड विरतं. जर असेल तर ती त्या रेषेवर तुटते.

डांबराच्या गोळ्यांबद्दल मात्र बजावून सांगते. बाळाच्या दुपट्यासाठी ठेवलेल्या कापडात त्या घालूच नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते. अशा बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासानं फुटतात आणि कावीळ वाढते. कुठल्या बाळाला ती कमतरता आहे, हे वरून दिसत नाही. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवण्याची पद्धत आहे. पण पाला हा राखणदार नव्हे. अधूनमधून कापड उघडून बघणं हाच खरा उपाय.

शेवटची गोष्ट चिठ्ठीची. शेजारच्या एक बाई गेलेल्या आईची साडी घेऊन आल्या होत्या. ‘नातवाला दुपटं करा,’ एवढंच म्हणाल्या. अशी साडी गठ्ठ्यात हरवली तर आपण काय तोंड दाखवणार? म्हणून प्रत्येक साडीला मी कापडाची पट्टी टाचते. त्यावर कुणाची, कधी आली, कशासाठी, हे लिहिते. शिवाय कुठल्या जागी काय आहे, याची एक वही ठेवते. गाठोडं घरच्यांना दिसलं नाही तरी चालेल, पण आपल्याला ते नजरेआड करून चालत नाही. लोकांनी विश्वासानं दिलेलं असतं ते.